दिनविशेष कोणत्या तारखेला लिहावा? अवकाशयुग, जुना चित्रपट आणि खानदेश

बोरीकाठ :

अमळनेर तालुक्यातील एका वाचनालयाच्या दारात दिनविशेषाचा फलक आहे आणि त्यावर रोज खडूने मजकूर लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. जयंत्या आणि पुण्यतिथ्यांची यादी वर्षानुवर्षे चालत आलेली असल्याने तिच्यासाठी फारसा विचार करावा लागत नाही. यंदा मात्र शाळकरी वाचकांसाठी अवकाश संशोधन आणि जुना चित्रपट असे दोन नवे विषय घेतले, आणि तेव्हापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो आहे: घटना नेमकी कोणत्या तारखेची म्हणायची?

साधे उदाहरण चांद्रविजयाचे घ्या. सगळीकडे २० जुलै १९६९ ही तारीख छापली जाते. ती अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे बरोबर आहे. परंतु अपोलो ११ चे यान चंद्रावर टेकले तेव्हा भारतात २१ जुलैच्या पहाटेपूर्वीचे १ वाजून ४७ मिनिटे झाली होती, आणि नील आर्मस्ट्राँग यांनी पहिले पाऊल ठेवले तेव्हा सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे. म्हणजे खानदेशात त्या क्षणी लोक अंघोळ-न्याहारी उरकून शेताच्या किंवा शाळेच्या वाटेला लागले होते. आपल्याकडे तेव्हा दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत होती. इतरांनी ही बातमी रेडिओवर ऐकली आणि पुढे वर्तमानपत्रात वाचली. त्यातही १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले असल्यामुळे त्या आठवड्यात पारावरच्या चर्चेला चंद्राखेरीज दुसराही विषय होता. स्पुटनिकचेही तसेच. ४ ऑक्टोबर १९५७ ही त्याची सर्वमान्य तारीख, पण उड्डाणाच्या वेळी आपल्याकडे मध्यरात्र उलटून ५ ऑक्टोबर लागलेला होता. युरी गागारिन यांनी मात्र फलकवाल्यांची सोय केली. १२ एप्रिल १९६१ चे त्यांचे १०८ मिनिटांचे उड्डाण आपल्या घड्याळाने भरदुपारचे होते, त्यामुळे तारखेचा वाद उद्भवत नाही.

चित्रपटांकडे वळलो तर गोंधळ आणखी वाढतो. ‘राजा हरिश्चंद्र’साठी आपण ३ मे १९१३ लिहितो, कारण त्या दिवशी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात तो सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी लागला. निमंत्रितांसाठीचा खेळ मात्र २१ एप्रिललाच ऑलिंपिया थिएटरात झाला होता. त्याच्या वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ त्याच कोरोनेशनमध्ये दाखवला गेला; तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होता म्हणून पहिलेपणाचा मान त्याला द्यायचा की नाही यावर अजून वाद घातले जातात. ‘पथेर पांचाली’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ३ मे १९५५ रोजी प्रथम दाखवला गेला आणि कोलकात्यात २६ ऑगस्टला लागला. बंगाली चित्रपटाचा वाढदिवस न्यूयॉर्कच्या तारखेने साजरा करणे मला रुचत नाही, पण ‘प्रथम प्रदर्शन’ हा निकष लावायचा म्हटले तर तेच करावे लागेल.

हे दोन विषय एकाच फलकावर का, असे एका वाचकाने विचारले. त्याला माझे उत्तर असे आहे की चंद्रावर जाण्याची गोष्ट पडद्यावर आधी घडली आणि आकाशात नंतर. जॉर्ज मेलिएस यांचा चांद्रप्रवासाचा मूकपट १९०२ चा आहे. त्यात तोफेतून सुटलेला गोळा चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुततो. फ्रिट्झ लांग यांचा चंद्रावर जाणाऱ्या स्त्रीची कथा सांगणारा जर्मन मूकपट १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. अग्निबाण सुटण्यापूर्वी उलटे आकडे मोजण्याची जी पद्धत आज आपण श्रीहरिकोट्याहून ऐकतो, ती पडद्यावर लोकप्रिय केली ती याच चित्रपटाने, आणि त्याचे तांत्रिक सल्लागार होते अग्निबाणशास्त्राचे आद्य अभ्यासक हर्मान ओबेर्थ. स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ एप्रिल १९६८ मध्ये आला, म्हणजे माणसांनी अपोलो ८ मधून चंद्राला प्रदक्षिणा घालण्यापूर्वी सुमारे साडेआठ महिने. आपल्याकडे ‘चाँद पर चढाई’ १९६७ मध्येच येऊन गेला होता. त्याच्या शास्त्रीय बाजूविषयी न बोललेलेच बरे, पण दारासिंग आर्मस्ट्राँग यांच्या आधी चंद्रावर पोहोचले होते हे नाकारता येणार नाही.

सदस्यांना विचारायचे ते असे: तारीख जगाची घ्यावी, भारतीय घड्याळाची घ्यावी, की ती गोष्ट आपल्या भागात प्रत्यक्ष पोहोचली तेव्हाची? आणि खानदेशातील एखादा दिवस या यादीत सुटतो आहे का?

शंकेखोर (धुळे) :

बोरीकाठ सर, इतिहासाचार्य राजवाडे यांच्या धुळ्यात राहून तारखेबद्दल सैल बोलणे मला शोभणार नाही, म्हणून स्पष्टच लिहितो. घटना जिथे घडली तिथली तारीख ही मूळ नोंद असते आणि फलकावर तीच असावी. भारतीय वेळ हवी तर पुढे लिहा. प्रत्येक गावाने आपापली तारीख धरली तर पुढच्या पिढीला कोणत्याही दोन फलकांचा मेळ बसवता येणार नाही. चंद्रापुरतेच म्हणाल, तर तिथली स्थानिक तारीख कोणाकडेच नाही, त्यामुळे तिथे जागतिक प्रमाणवेळ घ्यावी. आणि गंमत अशी की जागतिक प्रमाणवेळेनुसार यान टेकले २० जुलैला आणि पाऊल पडले २१ ला.

दुसरी विनंती योगायोगांविषयी. ‘३ मे’ ही तारीख ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘पथेर पांचाली’ या दोघांना जोडते, ‘३ एप्रिल’ ही ‘२००१’चा न्यूयॉर्कमधील पहिला खेळ आणि १९८४ मधील राकेश शर्मा यांचे उड्डाण यांना जोडते, असे मजकूर हल्ली मोबाइलवर फार फिरतात. वर्षात दिवस ३६५ आणि नोंदवण्यासारख्या घटना हजारो, जोड्या जुळणारच. कोलंबिया हे अवकाशयान १२ एप्रिल १९८१ रोजी, म्हणजे गागारिन यांच्या उड्डाणाला बरोबर २० वर्षे होताना उडाले, तेव्हा अनेकांना त्यात अमेरिकेने साधलेला मुहूर्त दिसला. वस्तुतः ते १० एप्रिललाच उडायचे होते. यानावरील संगणकांचा एकमेकांशी मेळ न बसल्याने दोन दिवस थांबावे लागले. असे योगायोग फलकावर लिहिले की मुलांना त्यात काही संकेत आहे असे वाटू लागते.

एकाच वर्षातील घटना शेजारी मांडणे मात्र मला मान्य आहे, कारण त्यातून काळ कळतो. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिकच्या ‘बीप-बीप’ संदेशांनी तीन आठवडे जग कान लावून बसले होते आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला ‘मदर इंडिया’ प्रदर्शित झाला. एकीकडे ८३ किलोंचा धातूचा गोळा दर ९६ मिनिटांनी पृथ्वीला फेरी घालतो आहे आणि दुसरीकडे सावकाराच्या कर्जात बुडालेली बाई स्वतःच्या खांद्यावर नांगर घेते आहे. त्या वर्षीचा भारत समजायला या दोन ओळी पुरतात.

भुसावळ जंक्शन :

शंकेखोर भाऊंचे म्हणणे नोंदवहीपुरते बरोबर आहे, पण चित्रपटाच्या बाबतीत ते अपुरे वाटते. माझे वडील चित्रपटगृहात काम करत होते, त्यामुळे या धंद्याची बोली लहानपणापासून कानावर आहे. वितरणाच्या नकाशात देशाचे विभाग पाडलेले असत आणि त्यांतील सी.पी.-बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड) या विभागाच्या वितरकांची कार्यालये अमरावतीप्रमाणेच भुसावळातही होती, कारण रेल्वे. मुंबईहून चित्रपटाच्या रिळांची ‘पेटी’ पार्सलच्या डब्यातून उतरायची. एका चित्रपटाच्या प्रती मोजक्याच निघत. त्या आधी मोठ्या शहरांत फिरत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग तालुक्याला आणि सर्वांत शेवटी यात्रेतल्या तंबूत येत. तोवर प्रतीवर ओरखड्यांचा पाऊस पडत असे आणि तुटलेल्या जागी जोड मारून मारून एखादे गाणे निम्मे उरलेले असे. अमळनेरच्या वैशाखातल्या यात्रेत बोरीच्या वाळूत किंवा दत्तजयंतीला सारंगखेड्यात लागलेल्या टुरिंग टॉकीजमध्ये ज्यांनी ‘मदर इंडिया’ पाहिला, त्यांच्यासाठी त्याची तारीख २५ ऑक्टोबर १९५७ नाही. ते ‘अमक्या यात्रेच्या वर्षी’ असेच सांगतात, आणि त्यांचे सांगणे कमी खरे नाही.

बोरीकाठ सरांनी दोन विषयांचा संबंध पडद्यावरच्या चंद्राने जोडला आहे. माझ्या मते आपल्या भागात तो अधिक रोखठोक आहे. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर यानातून इन्सॅट-१ बी हा उपग्रह गेला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत देशभर दूरदर्शनचे लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. तोवर ज्या गावांना पडदा फक्त यात्रेत दिसत होता, त्यांना चित्रपट घरबसल्या, तोही फुकट, दिसू लागला. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ मालिका सुरू झाल्यावर रविवारच्या सकाळी बाजारपेठेत माणूस सापडेना. व्हिडिओच्या कॅसेटनेही तंबूवाल्यांना मारले हे खरे, परंतु पहिला मोठा धक्का आकाशातूनच आला होता. पुढे २००५ नंतर चित्रपटच उपग्रहावरून थेट चित्रपटगृहाच्या यंत्रात उतरवण्याची पद्धत आली आणि रेल्वेची पेटी इतिहासजमा झाली. ज्या शुक्रवारी मुंबईत, त्याच शुक्रवारी चोपड्यात. म्हणून ३० ऑगस्ट हा दिवस आपल्या यादीत मला अपोलोइतकाच महत्त्वाचा वाटतो, जरी त्याचे कोणी फुगे लावून स्मरण करत नसले तरी.

पाटणादेवी (चाळीसगाव) :

खानदेशातील दिवस सुटतो आहे का, या प्रश्नाला उत्तर देते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख अनेकांना ठाऊक असेल. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, जे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते, त्यांनी आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला, आणि त्या मठाला दिलेल्या दानांची नोंद या लेखात आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असून शेवटी त्या काळची मराठी येते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे स्वतःचे गाव कोणते यावर विद्वानांत मतभेद आहेत, म्हणून ‘भास्कराचार्य आमचेच’ अशी घोषणा मी करणार नाही. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून आपल्या भागात मठ होता एवढे मात्र दगडावर कोरलेले आहे.

आता दिनविशेषाचा मुद्दा. या लेखातील दानाची वेळ शके ११२८, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा समय अशी दिलेली आहे. म्हणजे दान देणाऱ्यांनी आकाशातील घटनेलाच तारखेचा साक्षीदार केले. इसवी सनातील दिवस ठरवताना अभ्यासकांना याच ग्रहणाचा आधार घ्यावा लागतो.

भारताने ‘भास्कर’ नावाचे दोन उपग्रह सोडले, पहिला ७ जून १९७९ रोजी आणि दुसरा २० नोव्हेंबर १९८१ रोजी, दोन्ही सोव्हिएत अग्निबाणांवरून. पृथ्वीचे निरीक्षण करण्यासाठी त्यांवर दूरचित्रवाणी कॅमेरे बसवलेले होते. २० नोव्हेंबरला फलकावर पाटणचे नाव यावे, अशी माझी सूचना आहे. आणि त्याच १९७९ सालच्या ११ जुलैला अमेरिकेचे स्कायलॅब हे अवकाशस्थानक कोसळले, तो दिवसही घ्या. ते भारतावर पडणार या अफवेने गावोगावी जी धांदल उडाली होती, तिच्या गोष्टी आमच्या घरी अजून निघतात. तुकडे पडले ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात आणि समुद्रात.

तोरणमाळ :

पाटणादेवी ताईंनी ग्रहणाचा उल्लेख केला म्हणून एक गोष्ट मांडतो, जिची चर्चा तारखांच्या वादात होत नाही. चांद्रविजयाच्या बाबतीत इंग्रजी तारखेपेक्षा तिथी अधिक अर्थपूर्ण आहे, आणि हे मी परंपरेच्या अभिमानापोटी म्हणत नाही.

चंद्रावर उतरताना वैमानिकाला खड्डे आणि दगड दिसायला हवेत. सूर्य डोक्यावर असेल तर सावल्या नाहीशा होतात आणि जमीन सपाट भासते. म्हणून अपोलोच्या सर्व मोहिमा उतरण्याच्या जागी सकाळ असताना, सूर्य क्षितिजाच्या थोडाच वर असताना उतरवल्या गेल्या. अपोलो ११ च्या वेळी सूर्य तिथे सुमारे १० ते ११ अंश वर होता. आता, चंद्रावरील एखाद्या जागी सकाळ केव्हा होते? पृथ्वीवरून आपल्याला चंद्राच्या उजेड-अंधाराची जी सीमारेषा दिसते ती त्या जागेवरून सरकून जाते तेव्हा. ही रेषा तिथीबरोबर चालते. चंद्रावरील ‘प्रशांत सागर’ नावाच्या मैदानातील नैऋत्येकडच्या त्या जागेवर, म्हणजे चंद्राच्या पूर्व रेखांश २३ च्या आसपास, ती शुद्ध पंचमी-षष्ठीला पोहोचते. त्यामुळे अपोलो ११ उतरले ती वेळ आषाढातील शुद्ध षष्ठी सरून सप्तमी लागण्याच्या सुमाराची होती. मुक्ताईची पालखी तेव्हा पंढरीच्या वाटेवर असणार.

आता २३ ऑगस्ट २०२३ पाहा. चंद्रयान-३ सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरले, दक्षिण अक्षांश ६९ आणि पूर्व रेखांश ३२ च्या जवळ. विक्रम आणि प्रज्ञान सौरऊर्जेवर चालणारे असल्यामुळे त्यांना चंद्रावरचा पूर्ण दिवस, म्हणजे आपले सुमारे १४ दिवस, मिळायला हवा होता. म्हणून त्यांनाही तिथल्या सकाळीच उतरवले. त्या दिवशी तिथी होती निज श्रावण शुद्ध सप्तमी. शंकेखोर भाऊंना योगायोग आवडत नाहीत, पण हा योगायोग नाही. दोन्ही जागा चंद्राच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, रेखांशात फार अंतर नाही, आणि दोघांनाही सकाळ हवी होती. मग तिथी जवळजवळ तीच येणार. ५४ वर्षांच्या अंतराने दोन देशांनी वेगवेगळ्या कारणांसाठी एकच सप्तमी निवडली ती चंद्राच्या गतीमुळे.

यातून फलकाला एक फायदा आहे. २१ जुलैला आकाशात चंद्र कोणत्या कलेचा असेल हे दर वर्षी बदलते, कधी तो दिसणारही नाही. शुद्ध सप्तमीला मात्र मुलांना दाखवता येते की आर्मस्ट्राँग उतरले तेव्हा चंद्र असाच होता, आणि ती जागा उजेडाच्या कडेपासून जवळच आहे. आषाढ-श्रावणात आपल्याकडे ढग असतात, तेव्हा महिन्याचा आग्रह धरू नये. मार्गशीर्षातील चंपाषष्ठी किंवा माघातील रथसप्तमी उत्तम. आकाश स्वच्छ, आणि चंद्र संध्याकाळी उंचावर असून मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. साधी दुर्बीणही पुरते. झेंडा दिसेल का, असे मुले हमखास विचारतात. पृथ्वीवरच्या कोणत्याही दुर्बिणीतून तो दिसत नाही, हे आधीच सांगून टाकावे म्हणजे हिरमोड होत नाही.

शंकेखोर (धुळे) :

तोरणमाळ भाऊ, हे मान्य. इथे तिथीला भौतिक आधार आहे, म्हणून मी विरोध मागे घेतो, पण चंद्रापुरताच. गागारिन यांची तिथी काढत बसू नये.

गिरणाथडी :

चित्रपटाच्या बाजूने एक तिथी सुचवतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला गौरवण्यात आले. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी त्याच्या शेवटी तुकोबांना गरुडाच्या विमानातून आकाशात नेले आहे. आपल्याकडील पडद्यावरच्या अंतराळप्रवासांत मला हा सर्वांत देखणा वाटतो, कारण देव-विमानापेक्षा त्यातली खाली उभी राहिलेली जिजाई लक्षात राहते. त्याची आठवण डिसेंबरातील प्रदर्शनाच्या तारखेपेक्षा फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेला काढावी.

दुसरा मुद्दा १९७५ चा. त्या वर्षी १९ एप्रिलला आर्यभट उडाला, १७ जुलैला अपोलो आणि सोयुझ अवकाशात एकमेकांना जोडले गेले, आणि १५ ऑगस्टला ‘शोले’ लागला. २०२५ मध्ये या सर्वांना ५० वर्षे झाली तेव्हा गाजला तो एकटा ‘शोले’. पहिला स्वदेशी उपग्रह बिचारा दोन ओळींत आटोपला. आमच्या गिरणेच्या काठावर मालेगाव आहे आणि तिथल्या हौशी मंडळींनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला होता. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसांनी घरच्या खर्चाने काढलेला तो चित्रपट आपल्या भागाचा खरा ‘शोले’ आहे, असे मी अभिमानाने म्हणतो. मूळ चित्रपटाचेही शेवट दोन आहेत: सेन्सॉरच्या आग्रहामुळे पोलिसांनी थांबवलेला, आणि ठाकूर गब्बरला संपवतो तो. दुसरा शेवट असलेली पुनर्संस्कारित प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याला दाखवली गेली. तेव्हा प्रदर्शनाची तारीख पक्की असली तरी ‘कोणता चित्रपट’ हा प्रश्न उरतोच.

आणि स्मिता पाटील यांना विसरू नका. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५, पण घराणे शिरपूरचे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तेव्हा ‘श्यामची आई’ या १९५३ च्या चित्रपटावरही आपला थोडा हक्क पोहोचतो. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले.

भुसावळ जंक्शन :

यादीत १४ मार्च आहे ना? १९३१ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय पडदा बोलू लागला. त्या नोंदीपुढे ‘आज याची एकही प्रत उपलब्ध नाही’ असे जरूर लिहा. ‘राजा हरिश्चंद्र’चीही चारांपैकी पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे हाती आहेत, आणि तीही १९१७ च्या पुन्हा केलेल्या चित्रणाची असावीत असे काही अभ्यासक मानतात. जुनी रिळे चांदी काढण्यासाठी विकली जात, हे धंद्यातल्या सर्वांना माहीत होते. कोणाला दोष द्यावा? पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये आले, तोवर फार उशीर झाला होता.

आपणच तेवढे निष्काळजी, असेही समजू नये. चंद्रावरून आलेल्या पहिल्या पावलांच्या चित्रणाच्या मूळ चुंबकीय फिती नासाने इतर कामांसाठी पुसून पुन्हा वापरल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये त्यांच्याच शोधपथकाने काढला. आज आपण पाहतो ते दूरचित्रवाणीसाठी रूपांतरित केलेले, मूळपेक्षा अस्पष्ट चित्र आहे. एवढ्या श्रीमंत संस्थेला फितींची टंचाई पडली हे वाचून मला माझ्या वडिलांचे सगळे मालक आठवले.

बोरीकाठ :

सर्वांच्या लेखनाचा उपयोग झाला. फलकासाठी मी असे ठरवतो आहे: मूळ तारीख मथळ्यात, भारतीय वेळेने दिवस बदलत असेल तर त्याची नोंद खाली, आणि चंद्रावतरणांना तिथी. आपल्या भागात चित्रपट केव्हा पोहोचला हे मात्र कागदावर कुठेच नाही. ते जुन्या प्रेक्षकांकडून ऐकून लिहावे लागेल, आणि ‘अमक्या यात्रेच्या वर्षी’ असेच लिहावे असे आता वाटते. १४ मार्चच्या नोंदीपुढे सुचवलेली ओळही लिहीन. ३० ऑगस्ट आणि २० नोव्हेंबर यादीत घेतले.

रथसप्तमीच्या संध्याकाळी चंद्रदर्शन आणि त्यानंतर मेलिएस यांचा मूकपट असा कार्यक्रम करता येईल का? कायदेशीर अडचण कोणाला दिसते का?

पाटणादेवी (चाळीसगाव) :

आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचे स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतात, त्यामुळे १९०२ चा मूकपट किंवा १९३६ चा ‘संत तुकाराम’ यांच्या मूळ हक्काची अडचण नाही. नव्याने जोडलेले संगीत किंवा रंगभरण यांवर मात्र इतरांचा हक्क असू शकतो, तेव्हा कृष्णधवल आणि आवाज नसलेली प्रत घ्या आणि पेटी-तबला आपला लावा.

भुसावळ जंक्शन :

एक तांत्रिक गोष्ट सांभाळा. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, सेकंदाला साधारण १४ ते १६ चित्रांच्या गतीने घेतलेले असत. बोलपटाची गती २४ चित्रांची आहे. जुनी प्रत तशीच २४ च्या गतीने लावली तर सुमारे १४ मिनिटांचा चित्रपट ८-९ मिनिटांत संपतो आणि सगळे शास्त्रज्ञ चंद्रावर पळापळ करताना दिसतात. संगणकावरून दाखवणार असाल तर गती आधी तपासून घ्या, आणि तबलजीलाही एकदा आधी दाखवून ठेवा.